केकचा डबा: भाजायचा वेगळा, ठेवायचा वेगळा

पत्र्याचे काम हा महाराष्ट्रात आपल्या अनेक कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय आहे. रॉकेलच्या रिकाम्या डब्यापासून नरसाळे, चाळणी, चिमणी, पेटी, धान्याची कोठी असे हवे ते घडवणारे कारागीर एकेकाळी प्रत्येक बाजारपेठेत दिसत. पुढे प्लॅस्टिक आले, स्टेनलेस स्टील आले, यंत्रावर दाबून काढलेला माल आला, आणि एकेक वस्तू या कारागिरांच्या हातून निसटत गेली. आज पत्र्याच्या आळीत गेले तर उरलेली मंडळी पन्हळी, एसीचे डक्ट आणि दुकानांच्या पाट्या यांवर गुजराण करताना दिसतात. मुले या धंद्यात यायला तयार नाहीत, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते.

अशा वेळी एखादी वस्तू आपल्या पायांनी चालत आळीत परत येत असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. ही वस्तू म्हणजे घरी केक भाजण्याचा आणि तो ठेवण्याचा डबा. विषय लहान वाटेल. परंतु २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्या वस्त्यांतून किती भगिनी घरी केक करून विकू लागल्या आहेत, हे व्यापारी बंधूंनी एकदा डोळे उघडून पाहावे. प्रत्येक मोहल्ल्यात एक-दोन घरांतून तरी वाढदिवसाचे केक जातात. ईदच्या आधी नानखटाई आणि रव्याच्या केकच्या ऑर्डरी घेतल्या जातात. या प्रत्येक घराला डबे लागतात, आणि एक-दोन नव्हे, डझनावारी लागतात.

आमच्याच घरचा अनुभव

गेल्या काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धाकट्या भावजयीने असाच घरगुती व्यवसाय सुरू केला. दुकानातले डबे तिच्या गोल ओव्हनमध्ये बसेनात, म्हणून आम्हीच तिला सुचवले की आळीतल्या एखाद्या जुन्या कारागिराकडून मापाने करवून घेऊ. आठ इंची गोल असे तीन डबे सांगितले. डबे वेळेवर मिळाले, दिसायला सुबक होते, दामही वाजवी होता.

ईदच्या दोन दिवस आधी पहिली खेप ओव्हनमध्ये गेली. एका डब्याचा जोड अर्ध्यावर उकलला आणि पीठ ओव्हनच्या तळाशी जाऊन जळाले. दुसऱ्या डब्यातले पीठ काठावरून ओसंडले. तिसरा केक तेवढा नीट झाला. साहित्य वाया गेले ते गेलेच, शिवाय एका गिऱ्हाइकाला नाही म्हणावे लागले.

आम्ही डबा घेऊन त्या कारागिराकडे गेलो. चाचांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे विचारले, "भाईसाहेब, तुम्ही डबा सांगितला होता. तो भट्टीत घालणार हे कुठे सांगितलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. खरोखरच आम्ही सांगितले नव्हते, आणि त्यांनीही विचारले नव्हते. आम्ही 'केकचा डबा' म्हटले, त्यांनी केक ठेवण्याचा डबा केला. ठेवण्याचा डबा म्हणून त्यात काडीची खोट नव्हती. चूक एकाची नव्हती, चूक समजुतीची होती. भाजायचा डबा आणि ठेवायचा डबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांची घडण वेगळी, पत्रा वेगळा, मापही वेगळे, हे आपल्या बाजारात कोणी कोणाला सांगत नाही. याच एका कारणाने हा धंदा आपल्या दारात येऊन परत जात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जोडाचा प्रश्न

आधी जोडाचे पाहू. आपले कारागीर डब्याचा जोड घडी घालून बसवतात आणि वरून डाख देतात. ही डाख बहुधा शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाची असते. कथील ६३ भाग आणि शिसे ३७ भाग असे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. निम्मे-निम्मे मिश्रणही १८३ अंशांनाच मऊ पडू लागते. आता केक किती अंशांवर भाजतात? बहुतेक केक १६० ते १८० अंशांवर. घरगुती ओव्हनची उष्णता सारखी खालीवर होत असते, त्यामुळे १८० वर लावलेला ओव्हन मधूनच १९० च्या पुढे जातो. डब्यात ओले पीठ असते तोवर त्या भागाचा पत्रा थंड राहतो, पण पिठाच्या वरचा काठ चांगलाच तापतो. जोड तिथूनच सुटू लागतो. आमच्या डब्याचे नेमके हेच झाले.

ही केवळ पीठ सांडण्याची बाब नाही. डाखेत शिसे आहे, आणि शिसे हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि शरीरात त्याचे अमुक प्रमाण सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. केक तर बहुतांशी मुलेच खातात. म्हणून भाजायच्या डब्याला आतून किंवा बाहेरून डाख देऊच नये. जोड फक्त घडीचा असावा: दोन्ही कडा एकमेकींत अडकवून, मोगरीने दाबून, घट्ट बसवलेला. तळही असाच दुहेरी घडीने बसवावा. पातळ पीठ थोडेसे झिरपेल अशी शंका असेल तर आत कागद घालण्याचा रिवाज आहेच, आणि पहिल्या काही मिनिटांतच पीठ आळून फट बुजते.

आपल्या जुन्या कारागिरांना हा घडीचा जोड उत्तम येतो. बादलीचा आणि पन्हळीचा जोड ते वर्षानुवर्षे असाच करत आले आहेत. म्हणजे नवे शिकायचे काही नाही. डाखेची कांडी बाजूला ठेवायची, एवढेच.

ठेवायच्या डब्याचे गणित निराळे. तो तापणार नाही, त्यामुळे तिथे डाख चालते. तरीही खाण्याच्या वस्तूजवळ शिसे नको, म्हणून बिनशिशाची डाख वापरावी. कथील आणि किंचित तांबे यांची अशी डाख बाजारात मिळते आणि ती २२७ अंशांना वितळते. महाग आहे खरी, पण एका डब्याला लागते किती? आणि 'बिनशिशाचा डबा' हे दोन शब्द गिऱ्हाइकाला सांगता आले, तर तो जादा खर्च वसूल होण्यास अडचण पडू नये.

अर्धा इंच कुठे जातो?

आता दुसऱ्या डब्याकडे वळू. त्यातले पीठ ओसंडले, कारण तो आठ इंची नव्हता. आम्ही पट्टी लावून पाहिली तेव्हा आतून साडेसात इंचही भरला नाही. कारागिराने लबाडी केली होती का? मुळीच नाही. हिशोबाची जुनी सवय आडवी आली.

गोल डब्याला पट्टी किती लांब कापायची, तर व्यासाच्या तिप्पट, असा ढोबळ नियम आळीत चालतो. आठ इंचाला चोवीस इंच. प्रत्यक्षात परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो: आठ इंचाला २५ इंच आणि एक सूत. शिवाय पाव इंच रुंदीचा घडीचा जोड करायचा तर त्यात पाऊण इंच पत्रा खर्ची पडतो, कारण घडीत पत्र्याचे थर एकावर एक येतात. म्हणजे आठ इंची डब्याला सुमारे २६ इंचांची पट्टी हवी. चोवीस इंच कापली आणि जोडही त्यातूनच काढला, तर हातात उरतात सव्वातेवीस इंच, आणि डबा होतो ७.४ इंची.

अर्ध्या-पाऊण इंचाने काय बिघडते, असे कोणी विचारील. डब्यात पीठ किती मावते हे व्यासाच्या वर्गावर ठरते. व्यास आठावरून ७.४ वर आला की जागा सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. सात डब्यांमागे एक डबा पीठ उरले, असा त्याचा अर्थ. केक भाजणारी बाई पीठ मापून करते. डबा दोन-तृतीयांश भरावा, उरलेली जागा फुगण्यासाठी, हा तिचा नियम. तिचे पीठ आठ इंचाचे आणि डबा साडेसातचा, तर केक ओसंडणार किंवा मधोमध फुगून तडकणार. दोष मात्र ती स्वतःच्या हाताला देत बसते.

दुकानातल्या तयार डब्यांची स्थितीही फार चांगली आहे असे नाही. कित्येक ठिकाणी वरच्या वळवलेल्या काठाच्या बाहेरून पट्टी धरून माप सांगितले जाते. बाजू उतरत्या असतील तर वरून आठ आणि तळाला सव्वासात, असाही माल विकला जातो. खरे माप म्हणजे आतले माप, आणि तेही तळाशी घेतलेले. व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे की डब्यावर किंवा चिठ्ठीवर आतले माप लिहावे. त्याहून चांगले म्हणजे किती पाणी मावते ते लिहावे. सहा इंच व्यास आणि तीन इंच उंची असेल तर सुमारे १,३९० मिलिलिटर, सात इंचाला सुमारे १,८९०, आठ इंचाला सुमारे २,४७०. हे आकडे भिंतीवर लावून ठेवले तर दुकानातला नोकरही गिऱ्हाइकाचे समाधान करू शकेल.

आणखी एक हिशोब दुकानदाराला पाठ असावा. गोल डब्याऐवजी चौकोनी हवा असेल तर एक इंच कमी घ्यायचा. आठ इंची गोल आणि सात इंची चौकोनी यांच्यात जवळजवळ सारखेच पीठ मावते. लग्नाच्या तीन मजली केकसाठी सहा, आठ आणि दहा इंचांचा संच मागतात. त्यात पीठ अनुक्रमे एक भाग, पावणेदोन भाग आणि पावणेतीन भाग लागते. इतके सांगता येणारा दुकानदार डबाच काय, साखर आणि मैदाही विकून जाईल.

मापात चोख राहणे ही आपल्या व्यापाराची जुनी शिकवण आहे. तराजूच्या बाबतीत आपण ती पाळतो, मग पट्टीच्या बाबतीत ढिलाई का व्हावी?

पत्रा कोणता?

तिसरी बाब पत्र्याची. ही सर्वांत गंभीर, कारण इथे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी काही दिसत नाही.

ज्याला आपण टिन म्हणतो तो मुळात पोलादाचा पातळ पत्रा असून त्यावर कथलाचा अगदी पातळ मुलामा असतो. आपल्या देशात असा पत्रा बनवणारी मोठी कंपनी १९२० साली जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे स्थापन झाली, आणि २०२४ साली ती टाटा स्टीलमध्ये विलीन झाली. कथील २३२ अंशांना वितळते. केक १८० वर भाजला जातो, त्यामुळे टिनचा डबा त्याला योग्य आहे. मात्र असा डबा रिकामा तापवू नये, गॅसवर थेट ठेवू नये, आणि अडीचशे अंशांवर नान भाजण्यास घेऊ नये. मुलामा वितळून गोळा होतो आणि उघड्या पडलेल्या पोलादाला गंज चढतो.

जस्ती पत्रा दिसायला चकचकीत आणि दामाला स्वस्त असतो, म्हणून काही ठिकाणी त्याचेच ट्रे आणि डबे केले जातात. हे थांबले पाहिजे. जस्त आंबट पदार्थात सहज विरघळते. दही, लिंबू, संत्र्याचा रस, आंबवलेले पीठ हे सर्व केकमध्ये पडते. जस्त पोटात गेले तर मळमळ आणि उलट्या होतात. बादलीला आणि पन्हळीला जस्ती पत्रा उत्तम, अन्नाला नव्हे.

त्याहून वाईट म्हणजे जुन्या पिंपांचा पत्रा. रंग, कीटकनाशक, रसायन, वंगण यांची पिंपे कापून, घासून, चकचकीत करून त्यांचे ट्रे विकले जातात. पत्रा तापला की आत मुरलेले काय बाहेर येईल याचा भरवसा नाही. बाहेरचा छापील रंगही ओव्हनमध्ये जळतो. खाद्यतेलाच्या डब्याचा पत्रा त्या मानाने बरा, पण त्याचीही छापील बाजू भाजायच्या डब्यात कुठेच येता कामा नये. पत्र्याची पुनर्वापराची कला ही आपल्या कारागिरांची शान आहे. धारावीसारख्या वस्तीत हजारो हात त्यावर चालतात. त्या कलेचा आम्हाला आदर आहे. परंतु तिची जागा कचऱ्याचा डबा, कुंडी, कोळशाची शेगडी इथे आहे. लेकरांच्या केकसाठी कोरा पत्राच हवा.

ॲल्युमिनियमचा विचार वेगळा करायला हवा. तो गंजत नाही, उष्णता लवकर आणि सारखी पसरवतो, आणि घरगुती केकसाठी बहुतेक बाबतीत टिनहून सरस ठरतो. जाडी मात्र बेताची हवी. बावीस गेजचा पत्रा म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर, वीस गेजचा ०.९ मिलिमीटर. याहून फार पातळ पत्रा ओव्हनमध्ये वाकतो आणि केक एका बाजूला उतरतो. आंबट पीठ ॲल्युमिनियमच्या डब्यात रात्रभर ठेवू नये, भाजून झाल्यावर केकही त्यात ठेवू नये. इथेही तेच सूत्र आले: भाजायचा डबा वेगळा, ठेवायचा वेगळा.

बाहेरून येणारे काळे, न चिकटणारे डबे अनेकींना आवडतात. काळा पृष्ठभाग उष्णता जास्त शोषतो, त्यामुळे केकची कड लवकर करपते. अशा डब्यासाठी ओव्हन दहा-पंधरा अंशांनी कमी ठेवायचा असतो, हे विकणाऱ्याने सांगायला हवे. लेप खरवडला गेला की डबा बाद. टिनचा किंवा ॲल्युमिनियमचा डबा नीट वापरला तर आईकडून लेकीकडे जातो.

ठेवायचा डबा

ठेवण्याच्या डब्याकडे आपल्याकडे कोणी वस्तू म्हणून पाहतच नाही. बिस्किटांचा रिकामा डबा आला की त्यात केक जातो, केक संपला की सुईदोरा जातो. पण विक्रीसाठी केक करणाऱ्या घराला मापाचे डबे लागतात, आणि ते बाजारात सहज मिळत नाहीत.

चांगल्या डब्याची लक्षणे सोपी आहेत. झाकण घट्ट बसावे, पण उघडताना झटका बसू नये. डबा केकपेक्षा सगळीकडून एक इंच मोठा असावा, म्हणजे आठ इंची केकला दहा इंची डबा, नाहीतर केक बाहेर काढताना बोटे कुठे घालणार? उंची पाच इंचांहून कमी नको, कारण वर सजावट असते. आणि सर्वांत सोयीचा डबा कोणता, तर उलटा. केक झाकणावर ठेवायचा आणि डबा वरून टोपीसारखा झाकायचा. कापताना टोपी उचलली की झाले. अनेक गृहिणी साधा डबा उलटा करून ही युक्ती करतातच. कारागिरांनी मुद्दाम असा डबा घडवला, खालच्या ताटलीला काठ दिला, वर एक कडी लावली, तर तो हातोहात जाईल असे आम्हाला वाटते.

डबा विकताना चार सूचनाही द्याव्यात. केक पूर्ण निवल्यावाचून डब्यात ठेवू नये. वाफ धरली की झाकणाला पाणी सुटते, केकला बुरशी येते आणि डब्याला गंज. कोकणात पावसाळ्यात हा त्रास अधिक. केक आणि बिस्किटे किंवा नानखटाई एका डब्यात ठेवू नयेत, कारण केकचा ओलावा नानखटाई शोषते आणि मऊ पडते. साधा स्पंज दोन-तीन दिवस, सुकामेव्याचा केक कागदात गुंडाळून काही आठवडे टिकतो. मलईचा केक मात्र शीतकपाटातच हवा. आणि गंज लागलेला डबा अन्नासाठी वापरायचा नाही. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतदेखील गंजलेले भांडे अन्नास अयोग्य ठरवले होते. डबा धुतल्यावर फडक्याने पुसून, ओव्हन निवत असताना पाच मिनिटे त्यात ठेवला तर गंज लागत नाही.

यंत्रापुढे हात टिकेल का?

काही मंडळी म्हणतील, हे सर्व ठीक, पण यंत्राच्या मालापुढे हातकाम कसे टिकणार? शंका रास्त आहे, आणि तिला गोडगोड उत्तर देण्यात अर्थ नाही. आठ इंची साधा ॲल्युमिनियमचा डबा यंत्रावर मिनिटात निघतो. त्या दामात हाताने केलेला डबा कधीच परवडणार नाही. तो माल व्यापाऱ्याने घाऊक आणावा आणि विकावा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, पुण्यात बोहरी आळीत आपले दुकानदार असा व्यापार करतच आहेत.

कारागिराची जागा दुसरीकडे आहे. गोल ओव्हनचा आतला व्यास प्रत्येकाचा निराळा. डब्याभोवती इंचभर मोकळी जागा राहिली तरच गरम हवा फिरते. कुकरमध्ये केक करणाऱ्या घराला त्या कुकरच्या मापाचा डबा हवा. वाढदिवसाला मुलाच्या वयाचा आकडा हवा, पाच किंवा सात. कोणाला चांद-ताऱ्याचा साचा हवा. कोणाला तळ सुटणारा डबा, म्हणजे नुसती कडी आणि त्यात बसणारी ताटली, हवा, कारण केक न तुटता निघतो. यंत्र ठरावीक मापाचा माल काढते. अडनिडे माप हे हाताचेच काम आहे, आणि अडनिड्या मापाला दाम चांगला मिळतो.

यासाठी कारागिराने एकच सवय लावून घ्यावी. गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न विचारावा: भाजायला की ठेवायला? दुसरा: ओव्हन कोणता, आतून किती इंच? तिसरा: केक किती वजनाचा? हे तीन प्रश्न विचारणाऱ्या कारागिराकडे ती बाई पुन्हा येईल आणि आणखी चौघींना घेऊन येईल. केक करणाऱ्या भगिनींनीही 'डबा द्या' एवढेच न सांगता काम समजावून सांगावे, आतले माप कागदावर लिहून द्यावे आणि घाईच्या दिवसांत नव्हे, महिनाभर आधी सांगावे. नव्या डब्यात आधी एक साधा केक भाजून पाहावा. आम्ही तेवढे केले असते तर ईदच्या तोंडावर फजिती झाली नसती.

सरकारदरबारी

दोन-तीन गोष्टी सरकारी बाजूच्याही नोंदवल्या पाहिजेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोखंड-पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या घरगुती भांड्यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दुकानदारांनी हा फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचवावा. दुसरे, केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ रोजी स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला. असे आदेश लहान कारागिराला उशिरा कळतात आणि दंडाची नोटीस मात्र लवकर मिळते. ॲल्युमिनियमचे काम करणाऱ्यांनी आपल्याला काय लागू आहे याची विचारपूस भारतीय मानक ब्युरोच्या कार्यालयात स्वतः जाऊन करावी.

तिसरी बाब तक्रारीची आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची तरतूद. योजनेच्या अठरा व्यवसायांच्या यादीत लोहार आहेत, कुलूप करणारे आहेत, हातोडी-अवजारे करणारे आहेत. पत्रेकारागीर आणि कल्हईवाले मात्र स्वतंत्रपणे कुठेच नाहीत. हातात कात्री, मोगरी आणि ऐरण घेऊन बसणारा हा माणूस कारागीर नाही तर कोण? आपल्या व्यापारी संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरली पाहिजे. केवळ सभेतल्या ठरावाने हे होणार नाही, आळीतल्या कारागिरांची नावनिशीवार यादी करून ती मागणीपत्रासोबत द्यावी लागेल.

शेवटी

त्या दिवशी चाचांनी पैसे परत देऊ केले. आम्ही ते घेतले नाहीत. त्याऐवजी त्यांच्यासमोर बसून ओव्हनचे माप सांगितले, पट्टी किती लांब हवी याचा हिशोब कागदावर मांडला. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "चाळीस वर्षं तिप्पट कापतोय. कोणी परत घेऊन आलंच नाही, म्हणून कळलं नाही." आठ दिवसांत त्यांनी तीन नवे डबे दिले, डाखेविना, आतून बरोबर आठ इंची. ते डबे आजही आमच्या भावजयीच्या ओव्हनमध्ये जातात.

चाचांचे ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक नाराज झाले की तक्रार करत नाही, गुपचूप दुसऱ्या दुकानात जाते. कारागिराला चूक कळत नाही आणि तो नशिबाला बोल लावत बसतो. म्हणून वाचकांना आमचे सांगणे आहे: आळीतला डबा बिघडला तर तो फेकू नका, परत घेऊन जा आणि काय बिघडले ते सांगा. आणि कारागीर बंधूंनो, परत आलेल्या डब्याला अपमान समजू नका. तो डबा पुढच्या शंभर डब्यांचे माप घेऊन आलेला असतो.